कबर हरवली तरी नोंद सापडते: वसई, मुंबई आणि गोव्यातल्या दफननोंदींतून पूर्वज कसे शोधावेत

पणजोबांची कबर शोधायला म्हणून माणसे गावच्या दफनभूमीत जातात, तासभर फिरतात आणि रिकाम्या हाती परततात. त्यात त्यांची चूक नसते. वसई, मुंबई आणि गोव्यातल्या बहुतेक कॅथलिक दफनभूम्यांत साधी कबर कायमची मिळत नाही. काही वर्षांनी तीच जागा पुन्हा उघडतात, अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात किंवा समाईक अस्थिकुंडात ठेवतात आणि जागा पुढच्या माणसाला देतात. कायमची कबर विकत घेणे थोड्या घरांनाच परवडे. बाकीच्यांच्या डोक्याशी लाकडी क्रूस असे, तो चार-दोन पावसाळ्यांत कुजून जाई.

नोंद मात्र बहुधा झालेली असते. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट धर्मसभेने १५६३ मध्ये बाप्तिस्म्याची आणि लग्नाची वही ठेवणे प्रत्येक धर्मग्रामाला, म्हणजे एका चर्चखालच्या परिसराला, बंधनकारक केले आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृतांच्या वहीचा नमुना घालून दिला. म्हणून शोधाचा क्रम असा ठेवा: आधी घरचे कागद, मग मृतांची वही, तिच्यावरून लग्नाची, तिच्यावरून बाप्तिस्म्याची. दगड हा या कामातला साक्षीदार आहे. कधी तो फार मोलाचे सांगतो, पण त्याच्या एकट्याच्या शब्दावर पिढी जोडू नये.

आधी घर, मग तलाठी कार्यालय

जुन्या प्रार्थनापुस्तकांची पहिली आणि शेवटची पाने बघा. जन्म-मृत्यूच्या तारखा तिथे लिहून ठेवायची पद्धत होती. फोटो छापलेल्या स्मरणपत्रिका, महिन्याच्या मिस्साची आमंत्रणे, शाळा सोडल्याचा दाखला, जुनी भाडेपावती, सगळे एकत्र करा. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईशी निवांत बोला. ‘आजोबा कधी वारले?’ या प्रश्नाला उत्तर बहुधा ‘फार वर्षं झाली’ असेच येते. त्यापेक्षा विचारा: मयत कोणत्या चर्चमधून निघाले? पाऊस होता का? तेव्हा घरात कोण तान्हे होते? तान्ह्या बाळाचे जन्मवर्ष माहीत असले की मृत्यूचे वर्ष दोन-तीन वर्षांच्या टप्प्यात येते, आणि वही चाळायला तेवढे पुरते.

घराचे टोपणनाव आणि आळी विचारायला विसरू नका. वसईत एकाच गावात एकाच नावा-आडनावाची पाच माणसे सहज निघतात. डाबरे, परेरा, लोपीस, घोन्साल्विस ही आडनावे गावोगाव आहेत. गावकरी त्यांना घराच्या नावाने ओळखत आणि लिहिणारे धर्मगुरूही कधी कधी तेच नाव वहीत टाकत.

महाराष्ट्रात शेतजमीन असलेल्या घरांसाठी सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे फेरफार. खातेदार वारला की वारसांची नावे लावण्यासाठी गाव नमुना ६ मध्ये नोंद होते आणि तिच्यात मृताचे नाव, मृत्यूची तारीख आणि वारस येतात. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेला फेरफार क्रमांक घ्या, त्याची नक्कल मागा, तिच्यावरून मागचा क्रमांक, असे मागे मागे जा. एक सावधगिरी: फेरफाराची तारीख ही नोंदीची तारीख. मृत्यू त्याआधी कधी चार महिने, कधी वीस वर्षे झालेला असतो. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, हे गावचे जन्म-मृत्यू रजिस्टरही तहसील कार्यालयाच्या अभिलेखात मिळू शकते. जुनी पाने मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस आधी गाठून ठेवा.

गोव्यात याच कामाला दोन साधने आहेत. नागरी नोंदणी १९१४ पासून सर्वांना लागू झाली, त्यामुळे त्यानंतरचा मृत्यू तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात शोधता येतो. दुसरे, पोर्तुगीज नागरी कायद्याखालची ‘इन्व्हेंतारियु’ प्रकरणे. मालमत्तेची वाटणी करताना मृताचे सगळे वारस, त्यांचे जोडीदार आणि वये त्यात लिहावी लागत. अशा एका प्रकरणातून कधी तीन पिढ्या एकदम हाती येतात.

चर्च कोणते, हे आधी ठरवा

इथे सर्वांत जास्त वेळ वाया जातो. आज ज्या गावात चर्च आहे, तिथे शंभर वर्षांपूर्वी स्वतंत्र धर्मग्राम असेलच असे नाही. गाव कोणत्या मातृधर्मग्रामातून आणि कोणत्या वर्षी वेगळे झाले ते चर्च कार्यालयात पहिल्याच भेटीत विचारून घ्या. त्या वर्षाआधीच्या वह्या जुन्या चर्चमध्येच असतात.

मुंबई आणि साष्टीत आणखी एक गाठ आहे. पोर्तुगालच्या राजाच्या हक्काखालची पाद्रोआदो चर्चे आणि थेट रोमच्या अधिकाराखालची प्रोपागांडाची चर्चे अशा दोन धर्मसत्ता तिथे दीर्घकाळ शेजारी शेजारी होत्या. एकाच गावठाणातली दोन घरे, कधी एकाच घरातले दोन भाऊ, दोन वेगळ्या चर्चमध्ये जात. पाद्रोआदोची चर्चे १८८६ मध्ये दमणच्या धर्मप्रांतात गेली आणि १९२८ मध्ये तो धर्मप्रांत मुंबईच्या महाधर्मप्रांतात विलीन झाला. तेव्हा १९२८ आधीची नोंद एका चर्चमध्ये मिळाली नाही, तर त्याच परिसरातले दुसरे जुने चर्च पाहिल्याशिवाय ‘नोंद नाही’ असा निकाल देऊ नका. वसईचा धर्मप्रांत तर १९९८ मधला आहे. त्याआधीचा वरिष्ठ पत्रव्यवहार मुंबईकडे.

आणि साष्टी दोन आहेत. एक मुंबईलगतची, एक गोव्यातली मडगावच्या बाजूची. पोर्तुगीज कागदांत दोन्हींचे लेखन जवळपास सारखेच. नुसते ‘साल्सेत’ वाचून कुटुंब गोव्याचे ठरवू नका. गावाचे नाव, धर्मगुरूचे नाव, साक्षीदारांची गावे पाहून ठरवा. आपली वसईतली आगाशी आणि गोव्यातल्या तिसवाडीतली आगशी यांचीही अशीच गल्लत होते.

वसईत १७३९ च्या आधी जाण्याची आशा फार धरू नये. चिमाजी अप्पांच्या मोहिमेनंतर पोर्तुगीज सत्ता गेली, बरेच धर्मगुरू गेले, आणि त्या काळाचा सलग माग क्वचितच लागतो. गोव्यातल्या तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागात, यापेक्षा मागे जाता येते. तिथली काही जुनी पुस्तके पणजीच्या पुराभिलेखागारात गेली आहेत, म्हणून चर्चमध्ये वही नसली तर पुढची फेरी पणजीची. फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळाच्या कॅटलॉगमध्ये चर्चचे आणि गावाचे नाव पोर्तुगीज लेखनाने टाकून पाहणेही चुकवू नका. प्रवासाआधी घरी बसून होणारे काम आहे.

वही मागताना

या वह्या सार्वजनिक नाहीत. त्यांत हयात माणसांची खासगी माहितीही असते, म्हणून बऱ्याच ठिकाणी वही हातात देत नाहीत. कार्यालयातला माणूस शोधून उतारा देतो. आधी प्रमुख धर्मगुरूंच्या नावे पत्र द्या. त्यात व्यक्तीचे नाव, आई-वडिलांचे किंवा जोडीदाराचे नाव, आळी, आणि पाच वर्षांहून मोठा नसलेला कालखंड लिहा. तुमचे नाते आणि उद्देश स्पष्ट सांगा. एका पत्रात तीन-चार नोंदींपेक्षा जास्त मागू नका. ‘आमच्या घराण्याची सगळी माहिती हवी’ असे पत्र कोणत्याही कार्यालयात तळाशी जाते, आणि ते योग्यच आहे. रविवारचा मिस्सा, लग्ने, मयते सांभाळून दोन माणसे ते काम करत असतात. नाताळ, पवित्र आठवडा, पहिल्या कम्युनियनचे दिवस टाळा.

उतारा मिळाला तर विचारा की मूळ पानाचा फोटो घेता येईल का. उतारा करणारा माणूस छापील फॉर्ममधल्या रकान्यांपुरते उतरवतो. समासातली टीप, साक्षीदार, घराचे टोपणनाव उताऱ्यात येत नाही, आणि आपल्याला नेमके तेच हवे असते. मूळ वही समोर आली तर हात कोरडे ठेवा, थुंकी लावून पान उलटू नका, फ्लॅश बंद ठेवा. वही पूर्ण सपाट उघडण्यासाठी दाबू नका. दोन्ही बाजूंना घडी केलेला टॉवेल ठेवून आधार द्या. वाळवीने खाल्लेले पान कडेने धरून उचलायचे नाही. खाली कोरा कागद सरकवायचा आणि त्याच्यासकट उलटायचे.

मृतांची वही कशी वाचावी

पाद्रोआदोच्या चर्चमध्ये भाषा बहुधा पोर्तुगीज, इतरत्र लॅटिन, विसाव्या शतकात इंग्रजी. घाबरण्याचे कारण नाही. प्रत्येक नोंद एकाच साच्यातली असते आणि वीसेक शब्द ओळखता आले की काम चालते. पोर्तुगीजमध्ये ‘फालेसेउ’ म्हणजे वारला, ‘सेपुल्तादु’ पुरला, ‘कासादु’ विवाहित, ‘सोल्तैरु’ अविवाहित, ‘व्हियुव्हा’ विधवा, ‘नातुराल दे’ म्हणजे मूळचा अमुक गावचा, ‘फिल्यु लेजीतिमु दे’ म्हणजे अमुकाचा औरस मुलगा, ‘आल्देया’ गाव, ‘फ्रेगेझिया’ धर्मग्राम. लॅटिनमध्ये ‘ओबीत’ वारला, ‘सेपुल्तुस’ पुरला, ‘आनोरुम’ वर्षांचा, ‘उक्सोर’ पत्नी, ‘रेलिक्ता’ किंवा ‘विदुआ’ विधवा, ‘प्रिदिए’ आदल्या दिवशी, ‘एओदेम दिए’ त्याच दिवशी.

शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. नोंदीच्या डोक्यावरची तारीख पुष्कळदा दफनाची असते आणि मृत्यूची आत येते. दोन्ही वेगळ्या लिहून घ्या.

महिन्यांचा एक सापळा आहे आणि त्यात नवखा माणूस हमखास पडतो. जुने लेखनिक सप्टेंबर लिहिताना इंग्रजी सातचा आकडा काढून त्याला ‘ब्रु’चा शेपटा जोडत. सात म्हणजे जुलै नव्हे. लॅटिनमध्ये ‘सेप्तेम’ म्हणजे सात, म्हणून सप्टेंबर. तसेच आठला शेपटा म्हणजे ऑक्टोबर, नऊला नोव्हेंबर आणि रोमन दहाच्या फुलीला शेपटा म्हणजे डिसेंबर. नावांचेही असेच: मोठा एम आणि वर उचललेला छोटा ए म्हणजे मारिया, ‘फ्रको’ म्हणजे फ्रान्सिस्को, ‘अन्त’ आणि वर ओ म्हणजे आंतोनियो. अक्षर लागले नाही तर त्याच लेखनिकाची आजूबाजूची दहा पाने वाचा. त्याने तेच अक्षर एखाद्या ओळखीच्या शब्दात काढलेले सापडतेच.

एक नोंद सापडली की थांबू नका. तिच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन महिने वाचून काढा. साथीच्या वर्षांत तर वाचाच. मुंबईत प्लेग १८९६ मध्ये शिरला आणि पुढे कित्येक वर्षे पुन्हा पुन्हा उसळत राहिला. १९१८ च्या पावसाळ्यानंतर इन्फ्लुएन्झाने एकेका घरातली दोन-तीन माणसे आठवड्याभरात नेली. त्या पानांवर अक्षर घाईचे होते, वय आणि आई-वडिलांची नावे गळतात, कधी नुसते ‘अमुकाची बायको’ एवढेच उरते. प्लेगात माणसे गाव सोडून नातलगांकडे गेली, म्हणून मृत्यू शेजारच्या धर्मग्रामाच्या वहीत असू शकतो.

गावठाणांत दिसणारे प्लेगच्या काळातले क्रूस या कामात फसवतात. त्यांच्या चौथऱ्यावर नाव आणि साल असते, पण ते उभारणाऱ्याचे. साथीपासून रक्षण मागण्यासाठी ते उभारले गेले, खाली कोणाला पुरलेले नाही. तरी नाव उतरवून घ्या. त्या साली तो माणूस हयात होता, एवढे तरी नक्की कळते.

बाप्तिस्म्याआधी वारलेली बाळे जुन्या नियमाने पवित्र केलेल्या जागेबाहेर पुरली जात आणि मृतांच्या वहीत बहुधा येत नाहीत. भावंडांच्या बाप्तिस्म्यांमध्ये चार-पाच वर्षांची मोकळी जागा दिसली तर हा विचार मनात ठेवा.

लग्नाच्या नोंदीतले खरे धन

मृतांच्या वहीने जोडीदाराचे नाव दिले की लग्नाकडे वळा. लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडचे आई-वडील, गावे आणि साक्षीदार असतात. पण सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे सवलतीचा उल्लेख. जवळच्या नात्यात लग्न करायला चर्चची परवानगी लागे आणि नाते किती जवळचे ते वहीत लिहीत: ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’ किंवा ‘चौथ्या’ पायरीचे रक्तनाते. त्या काळच्या मोजणीत सख्खी भावंडे पहिल्या पायरीवर, चुलत-मामे-आते-मावस भावंडे दुसऱ्या. तिसरी पायरी म्हणजे दोघांचे एक पणजोबा-पणजी समान. वहीत ‘तेर्सैरु ग्राउ’ दिसले, तर नवरा-नवरीच्या दोन वेगळ्या शाखा तीन पिढ्या वर कुठेतरी एकत्र येतात हे तुम्हाला वहीनेच सांगितले. १९१७ च्या धर्मसंहितेने चौथी पायरी वगळली, म्हणून जुन्या नोंदींत हे उल्लेख जास्त सापडतात.

‘आफिनिदादि’ शब्द आला तर ते बहुधा सासरचे नाते: वर किंवा वधू आधी विवाहित होती आणि नवा जोडीदार पहिल्या जोडीदाराचा नातलग आहे. म्हणजे एक आधीचे लग्न आणि एक आधीचा मृत्यू शोधायचा राहिला आहे.

१९०८ च्या ईस्टरपासून लागू झालेल्या नियमाने लग्नाची टीप बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात घालणे आवश्यक झाले. त्यामुळे त्या सुमाराला आणि नंतर लग्न झालेल्या माणसाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी कुठे, कधी, कोणाशी लग्न झाले ते मिळू शकते. मुलगी लग्न होऊन दूर गेली आणि माग तुटला, तर तिचा माग इथे जुळतो.

दगडापाशी

दफनभूमीत जायचे ते डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमाग गवत कमरेएवढे असते, साप-विंचू असतात, आणि दगडावर हिरवी शेवाळ असते. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सगळे कुटुंब कबरीपाशी येते. माणसांना भेटायला त्यापेक्षा चांगला दिवस नाही. अक्षरे उतरवायला मात्र दुसरा दिवस ठेवा. कबर खणणाऱ्या माणसाशी ओळख करून घ्या. कोणती रांग कधी उघडली, काढलेले दगड कुठल्या भिंतीला टेकवून ठेवलेत, हे कागदावर कुठेही नसलेले त्याला ठाऊक असते.

सोबत घ्या: साधारण दीड फूट बाय एक फुटाचा आरसा, चांगली टॉर्च, पाच लिटर साधे पाणी, फवारणीची बाटली, नैसर्गिक केसांचा मऊ ब्रश, मोजपट्टी, वही, पेन्सिल.

आधी दगड ओळखा. कोकणात आणि गोव्यात जांभा भरपूर आणि त्यावर चुन्याचा किंवा सिमेंटचा गिलावा करून अक्षरे काढलेली असतात. त्याला हात लावायचा नाही, ब्रशही नाही, पाणीही नाही. गिलावा पोपडा धरून सुटतो आणि अक्षर त्याच्याबरोबर जाते. संगमरवर आणि काळा दगड घट्ट असेल तर पाण्याची हलकी फवारणी करून, खालून वर जात, मऊ ब्रशने माती काढता येते. तारेचा ब्रश, ॲसिड, ब्लीच, धुण्याचा सोडा यांपैकी काहीही नको. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा दाढीचा फेस फासणाऱ्यांनी दगडांचे पुष्कळ नुकसान केले आहे. पदार्थ छिद्रांत राहतो, ओल धरतो, त्यावर बुरशी वाढते.

त्याची गरजही नसते, कारण झिजलेले अक्षर उजेडाने वाचता येते. दुपारच्या बाराच्या उन्हात समोरून पाहिलेला दगड कोरा वाटतो. तोच दगड सकाळी आठला पाहा. ऊन बाजूने घसटत येत नसेल तर दोन-तीन मीटर दूर, उन्हात, सोबत्याला आरसा धरायला सांगा आणि उजेडाची पट्टी दगडाच्या पृष्ठावरून जवळजवळ समांतर सरकवायला लावा. उजेड डावीकडून येतो तेव्हा अक्षराच्या उभ्या रेघा काळ्या होतात, वरून येतो तेव्हा आडव्या. इंग्रजी एकचा उभा दांडा दिसतो, मग आरसा वर नेला की त्याच्या डोक्यावर आडवी रेघ उमटते आणि कळते की तो सात होता. म्हणून प्रत्येक दगडाचे किमान चार फोटो घ्या, चार बाजूंच्या उजेडात, कॅमेरा दगडासमोर सरळ धरून. सावलीतल्या दगडासाठी संध्याकाळी टॉर्च कडेला टेकवून हेच करा. शेवटी, दगड गिलाव्याचा नसेल तर, डोळे मिटून बोटाने कोरीव खाच चाचपा; कधी कधी बोटाला डोळ्यांहून जास्त कळते.

संगमरवरावर शिशाची अक्षरे बसवलेली असतील आणि गळून पडली असतील, तर त्यांना धरून ठेवणारी बारीक भोके उरतात. प्रत्येक अक्षराची भोके ठरावीक जागी असतात. शिल्लक अक्षरांची भोके कशी आहेत ते पाहून गळलेली ओळखता येतात.

रंगाने भरलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवताना सांभाळा. दरवर्षी स्मरणदिनाआधी रंगारी काळा रंग भरतो. त्याला पोर्तुगीज येत नसते, झिजलेला तीन त्याला आठ वाटतो, सहाचा शून्य होतो. देवनागरी आकड्यांत १ आणि ९ यांची अशीच अदलाबदल होते. रंग सोडून खाच काय सांगते ते बघा.

ओळी आहेत तशा उतरवा. ओळ संपली तिथे तिरपी रेघ, शंका असलेले अक्षर चौकटी कंसात, गेलेल्या अक्षराला टिंब. चुकीचे लेखन दुरुस्त करायचे नाही. ‘आकी जाझ’ किंवा ‘हिक याचेत’ म्हणजे येथे विसावला आहे. जुन्या पोर्तुगीज दगडावर ‘ई दे सेउश एर्दैरुश’ असेल तर ती जागा त्याची आणि त्याच्या वारसांची, म्हणजे त्याच दगडाखाली पुढच्या पिढ्याही असू शकतात. तळाशी कोरलेले लहान नाव दगड घडवणाऱ्या कारागिराचे असू शकते. त्याला घराण्यात घेऊ नका. रांग, क्रमांक आणि दोन्ही बाजूंच्या कबरींची नावे लिहा, कारण शेजारी पुष्कळदा सासर-माहेरचे असतात.

वयावरून जन्मतारीख काढताना असे करा. समजा दगडावर आहे: मृत्यू १४ मार्च १९२१, वय ६२ वर्षे ३ महिने ११ दिवस. आधी वर्षे वजा करा, १४ मार्च १८५९. मग महिने, १४ डिसेंबर १८५८. मग दिवस, ३ डिसेंबर १८५८. इतके नेमके वय लिहिणाऱ्या घराजवळ बहुधा कागद होता, म्हणून बाप्तिस्मा त्यानंतरच्या काही दिवसांत शोधा. नुसते ‘वय ७०’ किंवा ‘८०’ असेल तर तो अंदाज आहे. दोन्हीकडे पाच ते दहा वर्षे धरा. ‘बासष्टाव्या वर्षी’ असेल तर पूर्ण वर्षे ६१.

एका दगडावर तीन पिढ्यांची नावे आणि सगळी अक्षरे एकाच हाताची, एकाच खोलीची असतील, तर तो दगड शेवटच्या मृत्यूनंतर बसवला आहे. वरच्या, जुन्या तारखा त्या दिवशी कोणाच्या तरी आठवणीतून आल्या. तिथे वहीचा शब्द वर ठेवा, पण दगडावरची तारीखही खोडू नका, दोन्ही लिहा.

किल्ला, जुने गोवे आणि मुंबई

वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चांत आणि जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चच्या फरशीत कोरीव, ढालचिन्हांचे दगड आहेत. ते पाहण्यासारखे आहेत, पण ते बहुतांशी पोर्तुगीज सरदार-अंमलदारांचे. वसईच्या शेतकरी किंवा कोळी घराचा पूर्वज तिथे सापडणे जवळजवळ अशक्य आणि नुसत्या आडनावाच्या साम्यावरून तसे जोडणे चूक. ही संरक्षित स्मारके आहेत, तिथे पाणी, ब्रश, कागद घासणे काहीही चालत नाही. फक्त बघा आणि परवानगीने फोटो घ्या.

मुंबईत नोकरीला आलेला गोंयकार तिथेच वारला तर शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीच्या वह्या पाहाव्यात. तो धोबी तलावाच्या बाजूला आपल्या गावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या समाईक वसतिगृहात, राहत असेल, तर कुडीची सभासद-वहीही बघा. कूड गावावर चालते, म्हणून मूळ गाव तिथे नक्की होते.

इंग्रज किंवा अँग्लो-इंडियन पूर्वज असेल तर वाट वेगळी. मुंबई इलाख्यातल्या चर्चनी पाठवलेल्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नकला १७०९ ते १९४८ या काळाच्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि फाइंडमायपास्टवर शुल्क भरून पाहता येतात. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकासाठी खडकीच्या युद्ध दफनभूमीची नावे राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत.

अहमदनगर, कोल्हापूर, नाशिककडच्या मंडळ्या

प्रॉटेस्टंट घरांसाठी आधी मिशन कोणते ते ठरवा. अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून, कोल्हापुरात अमेरिकन मिशन १८५२ पासून. शिवाय अँग्लिकन आणि स्कॉटिश मिशने. यांतल्या अनेक मंडळ्या, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समाज, १९७० मध्ये उत्तर भारतीय चर्चमध्ये एकत्र आल्या, म्हणून जुन्या मंडळीचे नाव आजच्या पाटीवर नसते. पाळकांकडे मंडळीचे रजिस्टर मागा. बाप्तिस्मा इथे मोठेपणीही होत असे, तेव्हा बाप्तिस्म्याच्या तारखेवरून वय काढू नका. आडनाव पुष्कळदा नसतेच. स्वतःचे नाव, बापाचे नाव, गाव एवढेच असते आणि आडनाव पुढच्या पिढीला शाळेत लागते.

इथे दुसरे मोठे साधन म्हणजे १८४२ पासून निघणारे ‘ज्ञानोदय’. त्यातल्या मृत्युवार्तांत साध्या शिक्षकाचे, बायबल वाचून दाखवणाऱ्या बाईचे मूळ गाव आणि धर्मांतराचे वर्ष मिळते. अमेरिकन मराठी मिशनची मूळ कागदपत्रे हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत.

जुळवाजुळव

एक पिढी जोडायची तर दोन स्वतंत्र पुरावे हवेत, आणि त्यातल्या एकात आई-वडील किंवा जोडीदाराचे नाव हवे. आडनावाला एकट्याने किंमत देऊ नका. धर्मांतराच्या काळात धर्मपित्याचे, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी पालक म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाचे, आडनाव घेतले गेले, म्हणून एकच आडनाव असलेली दोन घरे नात्यातली असतीलच असे नाही, आणि सख्ख्या भावांची आडनावे वेगळीही दिसतात. बायकांच्या नावापुढे ‘दा कोन्सैसांव’ किंवा ‘दे जेझुस’ असे भक्तीचे नाव येते, ते माहेरचे आडनाव नव्हे. वारलेल्या बाळाचे नाव पुढच्या बाळाला द्यायची रीत होती; १८८१ चा बाप्तिस्मा मिळाला म्हणून आनंदाने थांबू नका, १८८३ मध्ये त्याच आई-बापांच्या पोटी तेच नाव पुन्हा आले आहे का ते पाहा आणि पहिल्या बाळाचा मृत्यू मृतांच्या वहीत शोधा.

प्रत्येक नोंदीशेजारी चर्च, वहीचा क्रमांक, पान, आणि ती वही कोणत्या तारखेला पाहिली ते लिहा. वहीत नाव मिळाले नाही तर तेही लिहा: कोणती वर्षे पाहिली, कोणती पाने फाटलेली होती. फोटोंना ‘गाव-रांग४-कबर१२-तारीख’ असे नाव द्या. काम झाले की दगडांच्या उताऱ्यांचा एक छापील संच, हाताने काढलेल्या रांगांच्या नकाशासह, चर्चच्या कार्यालयात ठेवायला द्या. पुढच्या वर्षी एखादी रांग उघडेल, एखाद्या दगडावर नवा रंग चढेल, आणि तेव्हा आज तुम्ही वाचलेली ओळ फक्त त्या कागदावर असेल.